परवान्याचं पुस्तक कुणाच्या हातात राहणार?



पावसच्या बाजारात, एसटीत, कलमांच्या बागेत मजुरीला गेल्यावर हल्ली एक बोलणं कानावर येतंय. डुकरं फार झाली, माकडं फार झाली. तर शिकारीचे खास परवाने काढा, मोठ्या बोलीला विका, हौशी शिकारी येतील, रक्कम मोजतील आणि त्याच पैशातनं रान आणि जनावरं राखा. ऐकायला सरळ वाटतं. पिकाचं नुकसान कमी, सरकारच्या तिजोरीवर भार नाय. आपल्यातलेही काही पोरगे म्हणतात, बरंच होईल, चार दिवस हाकाऱ्याची मजुरी तरी सुटेल.

असा कायदा आज नाय. पण उद्या आला तर तो आपल्याला विचारून येणार नाय, म्हणून आत्ताच बोलून घेऊ. आमचा प्रश्न एकच आहे. परवान्याचं पुस्तक कुणाच्या हातात राहणार? बंदूकवाल्याच्या, वनखात्याच्या, की रानाशेजारी राहणाऱ्या वाडीच्या?

परवाने विकायची ही गोष्ट नवी नाय. १९७२ चा वन्यजीव कायदा झाला तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होतेच. खास शिकारीचा वेगळा, मोठ्या शिकारीचा वेगळा, छोट्या शिकारीचा वेगळा आणि जनावर जिवंत धरायचा वेगळा. फी भरायची, कागद घ्यायचा, बार काढायचा. १९९१ च्या दुरुस्तीनं ते सगळे परवाने गेले. त्याच्याही आधी राजेलोकांची राखीव रानं होती. पलीकडे घाटावर राधानगरी-दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान होतं, १९५८ साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं. राजा गेला, साहेब गेला, परवाना गेला. या सगळ्या काळात रान उठवायला पुढे कोण होतं, ते आपल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. डबे वाजवत काट्यातनं चालणारे आपलेच आजे-पणजे. त्यांच्या नावाचा परवाना कधी निघाला नाय.

आता आज काय चाललंय ते बघा. शिकार बंद आहे म्हणतात, पण ती सगळ्यांना सारखी बंद नाय. कायद्याच्या कलम ११ मध्ये लिहिलंय, जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका झालं तर वनखात्याचा अधिकारी ते मारायची परवानगी देऊ शकतो. २०१५ साली आपल्या सरकारनं रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी वेगळा निर्णय काढला आणि वनक्षेत्रपालाकडे अर्ज करून परवानगी घ्यायची सोय केली. रोही आपल्याकडे नाय, डुक्कर आहे. म्हणजे खास परवाना आजही आहे. फक्त तो आपल्या वाडीपर्यंत पोचत नाय.

का पोचत नाय? मूळ कायद्यात 'कोणत्याही जमिनीवरचं उभं पीक' असे शब्द आहेत. मालकाचंच पीक असं म्हटलेलं नाय. परवानगीसुद्धा 'कोणत्याही व्यक्तीला' देता येते. पण कचेरीत गेलं की पहिला प्रश्न, सातबारा आणलाय का? नुकसानीचा अर्ज असो की दुसरा कुठला, सातबाऱ्यावाचून पुढे सरकत नाय. आपण वरकस जमिनीत नाचणी-वरी करतो, कुणाची जमीन अर्धेलीनं करतो, सड्यावर चार सऱ्या काढतो. एका रात्रीत कळप येऊन सगळं नांगरून जातो. नुकसान आपलं, उतारा दुसऱ्याचा. भरपाई आलीच तर ती उताऱ्यावरच्या नावाला. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली, पण जमीन आली ती कागदावर नाव असणाऱ्यांकडे. आपल्या आज्यांची नावं कागदावर नव्हती. डुकराचा प्रश्न असा फिरून फिरून जमिनीवरच येतो, आणि म्हणूनच आम्ही तो या पत्रकात घेतला.

दुसरं, बंदूक. बंदुकीला शस्त्र परवाना लागतो, आणि शेतीसंरक्षणाची बंदूक ज्याची शेती कागदावर आहे त्याच्याकडे. निवडणूक आली की तीही पोलीस ठाण्यात जमा, मग भात पोटरीत असो नायतर कापणीला. बागायतदाराचीही यात अडचण होते, ते आम्ही नाकारत नाय. पण त्याच्याकडे जमा करायला बंदूक तरी आहे! आपल्याकडे कुत्रा, डबा आणि माळ्यावरची राखण.

आणि मग डुक्कर मारायला निघतात तेव्हा हाक्याला माणसं कुठनं येतात? वाडीतनंच. परवानगी ज्याच्या नावावर त्याच्या खिशात कागद असतो. हाकारे रिकामे. कुणी तक्रार केली, चौकशी आली, तर कागदवाला कागद दाखवतो आणि हाकाऱ्याला जबाबाला बसवतात. फासकीत बिबट्या अडकला की पहिली गाडी कुठल्या वाडीवर येते ते सांगायला नको. तार कुणी लावली, कुणाच्या कुंपणाला लावली, हे नंतर बघतात. फासकी ही रानाला लागलेली कीड आहे. तिला डुक्कर कळत नाय, बिबट्या कळत नाय, कुणाचं वासरूही कळत नाय. पण चोरून मारण्याशिवाय वाटच ठेवली नसेल तर तारच विकली जाणार, कारण तार बिनआवाजाची असते.

बाहेरच्या शिकाऱ्याचं काय होतं तेही डोळ्यासमोर ठेवा. २०१६ साली बिहारमध्ये मोकाम्याला बाहेरनं बोलावलेल्या नेमबाजांनी काही दिवसांत २०० च्या वर नीलगाई मारल्या. त्याच वर्षी आपल्या चंद्रपुरात ५३ रानडुकरं मारली म्हणून केंद्रातल्या मंत्री मेनका गांधी आपल्याच सरकारच्या पर्यावरणमंत्र्यांवर जाहीरपणे बोलल्या. दिल्लीत दोन मंत्र्यांचं भांडण पेपरात आलं. ज्यांचं पीक गेलं त्यांची वाडी, त्यांचं नाव, त्यांचं म्हणणं आम्हाला त्या भांडणात कुठं दिसलं नाय.

आता परदेशातलं, कारण लिलाववाले तिकडचीच उदाहरणं देतात. पाकिस्तानात मारखोर म्हणून डोंगरातला रानबोकड आहे, पिळाच्या शिंगांचा. त्याचे थोडे परवाने परदेशी शिकाऱ्यांना विकतात. २००२ साली त्याची मर्यादा वर्षाला ६ वरून १२ केली. येणाऱ्या पैशातला ८० टक्के वाटा त्या खोऱ्यातल्या गावांना आणि २० टक्के सरकारला. गावांनी चोरटी शिकार थांबवली, बोकड वाढले, आणि २०१५ साली जगाच्या यादीत मारखोर 'धोक्यातल्या' वर्गातनं बाहेर आला. हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाय. आफ्रिकेत नामिबियानं १९९६ च्या कायद्यानं गावांना आपल्या रानाची हद्द आखून संस्था करायला दिली, शिकारीचा आणि पर्यटनाचा पैसा त्या संस्थेकडे सरळ येतो. शेजारच्या झिम्बाब्वेत १९८९ पासून अशीच योजना होती. पण तिथं अधिकार गावाला नाय, जिल्ह्याच्या कौन्सिलला दिले. पैसा वरच अडकतो, हीच तक्रार तिथल्या गावांनी वर्षानुवर्षं केली. जनावरं तीच, शिकारी तेच. फरक पडला तो पुस्तक कुठल्या टेबलावर होतं त्यानं.

२०१४ साली अमेरिकेत डॅलस शहरात नामिबियातला एक काळा गेंडा मारायचा परवाना साडेतीन लाख डॉलरला गेला. तेव्हाच्या भावानं दोन कोटींच्या वर. एका जनावराचे दोन कोटी! आपल्याकडचा कुणी हुशार माणूस हा आकडा दाखवून म्हणेल, बघा केवढा निधी. आम्ही म्हणतो, निधी आपल्याकडे थोडा आहे काय? जंगलं तोडल्याच्या भरपाईचा कॅम्पा निधी हजारो कोटींचा आहे. २०१६ साली त्याचा कायदा झाला तेव्हा आदिवासी संघटनांनी मागितलं होतं की ग्रामसभेच्या संमतीशिवाय हा पैसा खर्च करू नका. ती अट कायद्यात आली नाय.

लिलावाविरुद्ध आमचं आणखी एक म्हणणं आहे, ते रानातलं आहे. पैसा मोजून येणाऱ्याला मोठे सुळे असलेला एकला नर पायजे असतो, भिंतीवर लावायला. भात नांगरतो तो माद्या-पिल्लांचा कळप. म्हणजे शिकारी आपला नर मारून जाणार आणि कळप आपल्या शेतात तसाच येणार. बरं, ज्याची किंमत दोन-चार लाख होईल ते जनावर मग वाढवलं जाईल, हाकललं जाणार नाय. खातं म्हणेल, शेतात हाका घालू नका, परवान्याचं डुक्कर पळेल. हसू नका. राखीव रानात असंच होत आलंय.

आणि जनावर न मारता निधी कसा उभा राहतो ते बघायला आफ्रिकेला जायची गरज नाय, आपली खाडी ओलांडली तरी पुरे. पूर्णगडच्या पुलापलीकडे गावखडीच्या वाळूत कासवं अंडी घालायला येतात. एकेकाळी किनाऱ्यावर ही अंडी उकरून खात, विकत. आज गावातलीच माणसं थंडीच्या दिवसांत पहाटे किनारा चालतात, घरटी कुंपणात राखतात, पिल्लं सोडतात. तिकडे मंडणगडात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकऱ्यांनी हे काम बसवलं, २००६ पासून कासव महोत्सव भरतो. पाहुणा घरात उतरतो, घरचं जेवतो, पैसा त्या घराच्या चुलीपर्यंत जातो. ज्या हातानं अंडी काढली त्याच हातानं राखली. पण वेळासलाही ज्याचं घर, ज्याचं अंगण, त्याचाच पाहुणा. आपल्या वाडीत झोपडीखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या नावावर, तर पाहुणा उतरवायचा कुठं? हाही प्रश्न विसरून चालणार नाय.

मग आम्हाला काय पायजे? हौसेच्या शिकारीचा लिलाव नको, हे सरळ. पिकासाठी डुक्कर मारायची परवानगी मात्र राहू दे, पण ती वाडीच्या सभेच्या नावानं निघू दे. सभेनं ठराव करायचा, नुकसान कुठं झालं ते बघायचं, कळप किती तो आपण आणि वनरक्षकानं मिळून मोजायचा, मग आकडा ठरवायचा. पिल्लं अंगावर असलेली मादी सोडायची, जुनी माणसं सोडत होती तशी. बंदूक ज्याची असेल तो वाडीनं बोलावलेला माणूस, मालक नव्हे. हाकाऱ्यांची नावं त्याच कागदावर पायजेत, म्हणजे उद्या जबाब द्यायची वेळ आली तर त्यांच्याही हातात कागद असेल. आणि मटण. आजच्या कायद्यात परवानगीनं मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता. ते पुरतात, जाळतात. ज्या घरात पोरांना महिना-महिना मटण दिसत नाय त्या घरासमोर अख्खं डुक्कर पुरायचं, हा कुठला न्याय? पूर्वी पारधीचा वाटा हाकाऱ्याला, म्हाताऱ्याला, बाळंतिणीच्या घरालाही जात होता. तो वाटा कायद्यात लिहून पायजे. याच्या बदल्यात वाडीनं आपल्या हद्दीतली एकूण एक फासकी काढायची, आणि तार लावणारा आपला असो की बागायतदार, त्याला सभेत उभा करायचा. हे कडू आहे, पण हे न करता पुस्तक मागायला तोंड राहणार नाय.

कुणी म्हणेल, असं कुठं झालंय? गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना खातंच देत होतं. गाव अडून राहिलं. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. बांबूचं झालं. शिकारीचं तसं सोपं नाय, कारण वनहक्क कायद्यानंच कलम ३ मध्ये पारंपरिक हक्क देताना शिकारीचा हक्क वगळलाय. पण त्याच कायद्यात वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलाय, त्यासाठी समिती करायला सांगितलंय. राखायचा अधिकार आमचा, तर कुठलं जनावर कधी डोईजड झालं हे सांगायचा अधिकारही आमचाच. केरळ सरकारनं २०२२ साली रानडुकरासाठी हा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षाला दिला. म्हणजे खात्याच्या बाहेर तो देता येतो.

पण 'ग्रामसभेला द्या' एवढं म्हणून आपल्या जिल्ह्यात भागत नाय. रत्नागिरी अनुसूचित क्षेत्रात नाय, इथं पेसा लागू नाय. इथलं बहुतेक रान खाजगी मालकीचं. आणि ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेत आपण दाराशी उभे असतो, पुढच्या खुर्च्यांवर बागांचे मालक. पुस्तक त्या सभेकडे गेलं तर ते फिरून बंदूकवाल्याकडेच जाईल. वनहक्क कायद्यात गाव म्हणजे पाडा, वाडीसुद्धा धरता येते. तशी वाडीची स्वतंत्र सभा मान्य करून घेणं हे आधीचं काम.

म्हणून येत्या बैठकीला प्रत्येक वाडीनं दोन गोष्टी आणायच्या. यंदाच्या पावसाळ्यात डुकरानं कुणाचं किती पीक खाल्लं त्याची यादी, त्यात सातबारा नसलेल्यांची नावं आधी. आणि हाक्याला गेल्यावर किंवा फासकीच्या संशयावरनं आजवर कुणाकुणाला बोलावणं आलं, त्याची दुसरी यादी. ज्यांना लिहिता येत नाय त्यांच्याकडे शाळेतल्या पोरांना पाठवा. नावाबरोबर जमीन कुणाच्या नावावर आहे तेही लिहा.