तुटायला हवा तिथे तुटणारा दोरा



संक्रांत तोंडावर आली आहे म्हणून हे लिहायला घेतलं. सुरुवात मात्र अमेरिकेपासून करते, थोडा धीर धरा.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत लेकीकडे मिनेसोटात होते. तिथली तळी इतकी गोठतात की लोक त्यावर तंबू टाकून, बर्फाला भोक पाडून मासे धरतात. नवा, स्वच्छ बर्फ निदान 4 इंच जाड असल्याशिवाय त्यावर पायीसुद्धा जाऊ नका, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. आम्ही गेलो तेव्हा दीड फुटाच्या वर होता. तरी पहिलं पाऊल टाकताना मी गेंदेश्वर महादेवाचं नाव घेतलंच.

आदल्या दिवशी दुकानात गळाचा दोरा घ्यायचा होता. मुख्य दोरा आणि गळ यांच्यामध्ये दीड-दोन फुटांचा वेगळा तुकडा बांधतात, त्याला लीडर म्हणतात. हे मला समजवायला कुणाला कष्ट पडले नाहीत. पतंगाला पुढे मांजा आणि मागे सद्दी, तेच ना! परदेशीपुऱ्यात आमच्या गच्चीवर चकरी धरणं हे बहिणींचं काम होतं. पतंग भाऊ उडवायचा, पण दोरा कुठे कच्चा आहे आणि गाठ कुठे सरकते आहे ते चकरी धरणारीला आधी कळायचं.

जावई म्हणाले, सगळ्यात मजबूत घेऊ, म्हणजे तुटायची भानगडच नको. 20 पौंडांचा जाड दोरा घेतला. दुसऱ्या दिवशी दोन तास बसलो, एक मासा शिवला नाही. नातू कंटाळून रडकुंडीला आला. शेजारच्या तंबूतले एक आजोबा डोकावले, त्यांनी आमचा दोरा दोन बोटांत धरून नखाने चाचपला आणि हसले. मला एकदम बाबा आठवले. बाबा मिलमध्ये कताई खात्यात होते. दुकानात कापड घेतानाही आधी एक धागा उसवून बोटांत फिरवायचे, मग भावाचं बोलायचे.

आजोबांनी जे सांगितलं ते साधं होतं. बर्फाखालचं पाणी बहुधा संथ आणि स्वच्छ असतं. थंडीत मासा सुस्त होतो, झडप घालत नाही, जवळ येऊन नीट बघतो. जाड दोरा दिसला की मागे फिरतो. विणलेला दोरा ताणत नाही, त्यामुळे हलका चावाही हाताला कळतो, पण तो पाणी धरतो आणि काठीच्या कड्यांत गोठून बसतो. साधं नायलॉन स्वस्त आणि लवचिक, पण ताणलं जातं आणि थंडीत स्प्रिंगसारखी वेटोळी धरतं. म्हणून शेवटच्या दोन फुटांना लोक फ्लुरोकार्बन लावतात. ते पाणी शोषत नाही, पाण्यात बुडतं, बर्फाच्या कडेला घासलं तरी लवकर झिजत नाही आणि पाण्यात कमी दिसतं. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लुरोकार्बनचा सुमारे 1.42, नायलॉनचा 1.53च्या आसपास. म्हणजे अदृश्य वगैरे काही होत नाही, फक्त फरक कमी होतो. गाठ आवळण्याआधी ओली करायची, नाहीतर घर्षणाने दोरा तिथेच कमजोर होतो.

त्यांनी आम्हाला 6 पौंडांचा तुकडा दिला. अर्ध्या तासात नातवाने एक वॉलाय वर काढला. त्याच्यानंतर जे लागलं ते धारदार दातांचं पाइक असावं, कारण दोरा सपकन कापला गेला. जावई पुन्हा म्हणाले, बघा, जाडच हवा होता. आजोबा म्हणाले, पाइकच हवा असेल तर 30 पौंडांचा किंवा स्टीलच्या तारेचा लीडर लावा, पण मग वॉलायची आशा सोडा. आणि काहीही लावा, लीडर मुख्य दोऱ्यापेक्षा कमजोरच ठेवा. खाली कुठे अडकला तर दोन फूट जातील. नाहीतर दोरा भलतीकडे तुटेल आणि तळ्यात 50 फूट सोडून याल, ते कुणातरी पक्ष्याच्या पायात अडकेल.

मला वाटतं, दोरा निवडताना हाच प्रश्न आधी विचारायला हवा. किती ताकद आहे हा नंतरचा. ताकदीबाहेर गेलं तर तो कुठे तुटणार, आणि न तुटला तर कुणाला कापणार?

आता इंदूरला येते. मागच्या संक्रांतीच्या दोन दिवस आधी माझा धाकटा भाऊ, ज्याची चकरी मी धरायचे तोच, संध्याकाळी स्कूटरवर घरी येत होता. पुलावर आडवा नायलॉनचा मांजा होता. थंडी म्हणून मफलर होता, त्यावर निभावलं. मफलर कापून गळ्याला नऊ टाके पडले. डॉक्टर म्हणाले, मफलर नसता तर आपण बोलत नसतो. भाऊ 64 वर्षांचा आहे. त्या दिवसापासून पतंगाचं नाव काढलं की गप्प होतो.

आमच्या वेळचा मांजा काही साधुसंत नव्हता. सुती दोऱ्याला काचेची पूड आणि लुगदी लावलेली असायची, माझी बोटं कितीदा चिरली आहेत. पक्ष्यांनाही तो लागायचाच. पण तो सुती होता. जोराचा ताण आला की तुटायचा. झाडात राहिला तर एक-दोन पावसाळ्यांत कुजायचा. नायलॉनचा ताणला जातो पण तुटत नाही, आणि झाडावर वर्षानुवर्षं लटकत राहतो. 11 जुलै 2017ला राष्ट्रीय हरित लवादाने नायलॉन आणि इतर कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. इंदूरलाही प्रशासनाचे आदेश निघतात. तरी मिळतो, कारण मागणारे आहेत.

आणि मागणारे कोण? दुसऱ्याच्या घरातली मुलं, असं म्हणून सुटायला नको. भावाच्या टाक्यांना महिनासुद्धा झाला नव्हता, तेव्हा आमच्याच नात्यातल्या एका घरी त्या मांज्याची चकरी दिसली. विचारलं तर म्हणे, "अहो काकू, दुकानवाला बोला, टूटेगा नहीं." कौतुकाने सांगत होते! मी तिथे काही बोलले नाही, पाहुणी म्हणून गेले होते. ते न बोलणं मला अजून टोचतं, म्हणून आज इथे बोलते आहे.

काही जण म्हणतील, मुलाचा पतंग काटला जातो, हिरमोड होतो. होऊ दे की. नातवाचा पाइक गेला तेव्हा तोही रडला, दहा मिनिटांनी पुन्हा गळ टाकून बसला. पतंग काटला जाणं हा त्या खेळाचाच भाग आहे. न काटला जाणारा पतंग हवा असेल तर पेच लावायचा कशाला?

तेव्हा या वर्षी एवढं करा. घरात आलेल्या दोऱ्याचा वीतभर तुकडा घ्या, चिमट्यात धरून काडी लावा. बाबा कापडाची पारख अशीच करायचे. सुती असेल तर कागदासारखा वास येऊन राख होईल. नायलॉन असेल तर वितळून टोकाला कडक मणी होईल. मणी झाला तर ती चकरी मुलाच्या हातात देऊ नका, आणि नुसती कचऱ्यातही टाकू नका, बारीक तुकडे करून टाका. त्या दिवसांत स्कूटरवर निघताना गळ्याला मफलर हवाच, ऊन असलं तरी.

भावाला मी यंदा गच्चीवर बोलावलं आहे. सद्दी आणि सुती दोरा आणून ठेवला आहे. येतो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आला तर चकरी मीच धरणार.