स्नेहसंमेलन आणि आवाजाची शुद्धता

स्नेहसंमेलनाचा दिवस जवळ आला म्हणजे मंडप, पडदे व पोशाख यांची चिंता सर्वांसच लागते. आवाजाची चिंता मात्र बहुधा पडदा वर गेल्यावरच सुरू होते. आमच्या शहरांतील एका संमेलनांत आम्हीं असाच एक प्रसंग पाहिला. एक लहान मुलगी गावयास उभी राहिली. साथीच्या गिटारच्या ॲम्प्लिफायरपासून सभागृहाच्या मागील टोकाच्या मिक्सरपर्यंत लांबच लांब तार ओढलेली होती. सूर लागतांच कर्ण्यांतून घरघर निघूं लागली. आवाज वाढविला, तशी घरघरहि वाढली. मुलगी गांगरली व गाणें अर्ध्यावरच राहिलें. इतक्यांत कोणीं सुचविलें कीं, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, म्हणजे घरघर थांबेल. सुदैवानें एका शिक्षकांनीं तसें होऊं दिलें नाहीं.

ही घरघर येते कोठून? आपल्या घरांतील वीज सेकंदास 50 आवर्तनें करिते. मंचावरील वाद्याचें यंत्र एका बोर्डास व मिक्सर दुसऱ्या बोर्डास जोडला, म्हणजे दोन्ही ठिकाणच्या अर्थिंगमध्यें किंचित् विद्युद्दाबाचा फरक राहूं शकतो. मग त्यांस जोडणाऱ्या तारेच्या आवरणांतून नको असलेला प्रवाह वाहूं लागतो, व तोच आपणांस घरघरीच्या रूपानें ऐकूं येतो. शिवाय साधी तार जितकी लांब, तितका आसपासच्या विजेचा उपद्रव ती अधिक गोळा करिते.

ह्यावर उपाय म्हणजे डी. आय. बॉक्स नांवाची एक लहानशी डबी. ती वाद्याजवळच ठेवावयाची असते. तिच्या साध्या प्रकारांत एक ट्रान्सफॉर्मर असतो. वाद्याकडून आलेला ध्वनिसंकेत तो दोन तारांवर परस्परविरुद्ध दिशांनीं पाठवितो. वाटेंत जो उपद्रव होतो, तो दोन्ही तारांवर सारखाच होतो. मिक्सर त्या दोहोंतील फरक तेवढा घेतो. त्यामुळें सूर टिकतो व उपद्रव नाहींसा होतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली, तर कांटा हालत नाहीं, तसाच हा प्रकार आहे. ही युक्ति नवी नव्हे. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनीं एकमेकींस पीळ दिलेल्या दोन तारांचें पेटंट 1881 सालींच घेतलें होतें.

डबीवर बहुधा 'ग्राउंड लिफ्ट' नांवाची एक कळ असते. ती ध्वनीच्या तारेच्या आवरणाचाच संबंध तोडते; विजेच्या प्लगचें अर्थिंग शाबूत राहतें. हा भेद पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत धरावा. अर्थिंगची पिन म्हणजे प्राणरक्षक होय. ती काढणें म्हणजे घरघर घालविण्यासाठीं जीव धोक्यांत घालणें. लेस्ली हार्वे हा स्कॉटिश गिटारवादक 1972 सालीं वेल्समधील स्वान्सी येथें भर कार्यक्रमांत, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनचा धक्का बसून मृत्यु पावला. आमच्या मुलांच्या बाबतींत असा प्रयोग कोणीहि करूं नये.

कोणी म्हणेल, 'मोठे लाउडस्पीकर आणले म्हणजे झालें.' आम्हांस हें मान्य नाहीं. मोठा कर्णा सुराबरोबर दोषहि मोठा करितो. मात्र ही डबी सर्व रोगांवर औषध आहे, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. तुटकी तार किंवा वाद्याच्याच पोटांतला दोष ती दुरुस्त करीत नाहीं. आणि चांगल्या मायक्रोफोनची तार मूळचीच समतोल असल्यानें त्यास तिची गरज नसते.

म्हणून शाळांच्या चालकांस आमची तीन मागणीं आहेत. कर्णे वाढविण्यापूर्वीं अशा एकदोन डब्या घ्याव्या, अथवा भाड्यानें आणवाव्या. विजेच्या व ध्वनीच्या तारा शेजारीं शेजारीं नेऊं नयेत. ओलांडणें भागच पडल्यास काटकोनांत ओलांडाव्या. आणि विज्ञानाच्या तासास ही डबी वर्गांत आणून मुलांस दाखवावी. पुस्तकांतील ट्रान्सफॉर्मर तेथें त्यांस प्रत्यक्ष काम करितांना आढळेल.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं 1901 सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, व आयुष्याच्या उत्तरकाळीं ते आपल्या नाशकांत राहिले. त्यांच्या परंपरेंतील कोणताहि गवई तंबोरा जुळल्यावांचून पहिला षड्ज लावीत नाहीं. तंबोऱ्यासाठीं जो धीर आपण धरितों, तोच तारांसाठींहि धरावा. पडदा उघडण्यापूर्वीं अर्धा तास त्या कामीं खर्ची पडला, तर पुढील वर्षीं कोणत्याहि मुलीचें गाणें अर्ध्यावर राहणार नाहीं.