चाकांवरचे घर आणि मापातले पाप

मोटारहोम बघायला येणारा माणूस आधी दिवे लावून पाहतो. मग गादीवर टेकतो, बेसिनचा नळ सोडतो आणि म्हणतो, "एकदम हॉटेलसारखं केलंय की!" गाडी बांधणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. म्हणून खर्च होतो तो डोळ्यांना दिसेल तिथेच. माझे म्हणणे उलट आहे. अशा गाडीचा दर्जा झाकलेल्या भागात असतो, आणि तो भाग घेणाऱ्याला उघडून पाहता आला पाहिजे.

गेले सहा महिने आम्ही अशी एक छोटी, कोरी गाडी वापरतो आहोत. डाळजहून एकदा पुणे-सोलापूर महामार्गाला लागले की कोकण काय, विजापूर काय, सगळे सारखेच. अम्मींनी सत्तरी ओलांडली आहे. प्रवासात त्यांना दोनच गोष्टी लागतात, स्वच्छ संडास आणि वुजूला पाणी. गाडी घेतली ती त्यासाठीच.

तिची खरी परीक्षाही वुजूनेच घेतली. सहलीला निघालेला माणूस बेसिनवर दोनदा तोंड धुतो. आमच्याकडे चार माणसांचे दिवसातून पाच वेळा पाणी वाहते. तिसऱ्या महिन्यात बेसिनखालचा प्लायवूड फुगला. पाइपचा एक जोड झिरपत होता, आणि तो होता चिकटवून टाकलेल्या फळीमागे. बांधणाऱ्याला फोन केला तर उत्तर आले, "गाडी वर्कशॉपला आणा." शेवटी गावात ठिबकची कामे करणाऱ्या एका मुलाने फळी कापली, अर्ध्या तासात जोड बदलला आणि तिथे स्क्रूचे झाकण बसवले. झाकण ओबडधोबड आहे, पण अख्ख्या गाडीतले सर्वांत शहाणपणाचे काम तेच.

सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे मानकही आहे. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये बजावले आहे. तेव्हा मंजुरीची कागदपत्रे आधी पाहावीत. पण कागद बरोबर असले म्हणून सांधे बरोबर असतीलच असे नाही.

ते आपणच विचारायचे. ओल्या जागी आयएस 710 चा मरीन प्लाय वापरला आहे का, आणि त्याच्या कडा बंद केल्या आहेत का? बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज आहे का? स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. मग सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, बाहेर उघडणारी जाळी आहे का? आणि वजन? शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. फर्निचर, बॅटरी, पाणी आणि माणसे धरून गाडी नोंदणीतल्या वजनात बसते का? आपल्या ऊसपट्ट्यात वजनकाट्यांना तोटा नाही. काटामारीच्या संशयाने उसाची खेप डोळ्यांत तेल घालून तोलून घेणारा शेतकरी लाखोंची गाडी मात्र न तोलता घरी आणतो.

मापात मारणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. मराठीत आपण 'मापात पाप' म्हणतो. माप म्हणजे फक्त तराजू नव्हे. चांगल्या प्लायचे पैसे घेऊन वरून सनमायका चढवलेला साधा प्लाय देणे, हेही मापातलेच पाप आहे.

हंगाम सुरू झाला की याच पट्ट्यात ऊसतोड कामगारांचे संसार ट्रॉलीतून येतात आणि फडाजवळ कोप्या उभ्या राहतात. त्या हालअपेष्टांचे कौतुक मुळीच नाही. त्या माणसांना पक्के छप्पर मिळायलाच हवे. पण कोपीचा बांबू मोडला तर त्यांना तो तिथल्या तिथे बदलता येतो. आमच्यासारख्यांच्या चाकांवरच्या घराला एवढीही सोय नसेल, तर त्याला मजबूत कशाच्या आधारावर म्हणायचे? बांधणाऱ्याने दिवे नंतर दाखवावेत, आधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फळ्या उघडून दाखवाव्यात. जो उघडायला कांकू करेल, त्याच्याकडून गाडी घेऊ नये.