थांबण्याची मजुरी

मोटारीच्या इंजिनाचे सिलिंडर हेड ब्लॉकला धरून बसले, सर्व नट काढून झाल्यावरही ते तसूभर हलेना, आणि इकडे गाडीचा मालक दर दोन तासांनी फोन करून संध्याकाळपर्यंत गाडी मिळेल ना, म्हणून विचारू लागला, की मिस्त्रीच्या हाती अखेर छिन्नी येते. ती हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यात ठोकली जाते आणि हेड सुटतेही. परंतु ज्या पृष्ठभागाने गॅस्केटवर सपाट बसून ज्वलनाचा दाब, पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांपासून अलग ठेवायचे, त्याच पृष्ठभागावर छिन्नीची खाच कायमची उमटलेली असते. या नुकसानीचा दोष सर्वस्वी मिस्त्रीच्या माथी मारण्याचा आपल्याकडे शिरस्ता आहे. माझ्या मते त्यातला निदान निम्मा मालकाच्या पदरात पडला पाहिजे. कारण ज्या कामात चार दिवस निव्वळ थांबावे लागते, त्या कामाचे पैसे तो मोजायला राजी असतो ते फक्त हातोडा चालू असतानाच्या वेळेचे.

हेड म्हणजे इंजिनाचे झाकण, असे सामान्यतः सांगितले जाते आणि स्थूलमानाने ते खरेही आहे. मात्र या झाकणात झडपा असतात, प्लग असतात, पाणी खेळण्याच्या वाटा असतात, आणि अनेक जुन्या इंजिनांत ते ब्लॉकमधून उभ्या राहिलेल्या लांब पोलादी स्टडांवर ओवून वरून नटांनी आवळलेले असते. आपल्या रस्त्यांवर कित्येक दशके ज्या दोन गाड्यांचे राज्य होते, त्यांच्या इंजिनांतच या दुखण्याचा भेद स्पष्ट दिसतो. अँबॅसडरच्या १४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनात ब्लॉक बिडाचा आणि हेडही बिडाचे. दोन्ही एकाच जातीचे असल्याने तांबेरा धरला तरी तो साधा तांबेरा असे, आणि लाकडी मोगरीचे दोन-चार टोले चौफेर दिले की गॅस्केट आपली पकड सोडत असे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघर परिचित झालेली फियाट मात्र निराळ्या घडणीची होती. तिच्या १०८९ सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम वजनाला हलके आणि उष्णता झरझर वाहून नेणारे, म्हणून अभियंत्यांनी ते स्वीकारले हे योग्यच झाले. परंतु लोखंडाच्या सान्निध्यात ते ओलाव्यात राहिले म्हणजे काय होते, याची किंमत पुढे गॅरेजात चुकवावी लागते.

दोन विजातीय धातू एकमेकांना चिकटून क्षारयुक्त पाण्यात राहिले, तर त्यांच्यात विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्या व्यवहारात एका धातूचा क्षय होऊन दुसरा सुरक्षित राहतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्या जोडीत झिजण्याचे दैव ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते. ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या आधी दर्यावर्दी लोकांना कळली, असे म्हणायला हरकत नाही. ब्रिटिश आरमाराच्या ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या तळाला किडीपासून संरक्षण म्हणून १७६१ साली तांब्याचे पत्रे मढवण्यात आले, आणि दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे ठिकठिकाणी खाऊन गेलेले आढळले. मात्र पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद जेथे चुकून खिळ्याखाली राहून गेला होता, तेथील खिळे शाबूत होते. गॅल्व्हानी आणि व्होल्टा यांचे प्रयोग व्हायला अद्याप अवकाश होता, तरी कागदाने केलेली कामगिरी आरमाराच्या अंमलदारांच्या नजरेतून सुटली नाही. मोटारीच्या हेडमध्ये असा कागद नसतो. स्टड आणि त्याभोवतालचे छिद्र यांच्यात जी केसाएवढी पोकळी असते तीत गॅस्केटमधून झिरपलेले पाणी शिरते, ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि त्याची पांढरी भुकटी बनते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे ती वर्षानुवर्षे साचून पोकळी ठासून भरते. नट काढला तरी स्टड सुटत नाही याचे कारण हे. नट आणि स्टड यांच्या आट्यांशी या पकडीचा काहीएक संबंध नसतो.

याला प्रतिबंध आहे आणि तो महागही नाही. कूलंट म्हणून जो रंगीत द्रव विकला जातो, त्यात पाणी गोठू नये यासाठी ग्लायकॉल असते, आणि आपल्या हवेत गोठण्याचे भय नाही म्हणून ते घालण्याचे कारण नाही, असा एक समज टॅक्सीच्या अड्ड्यांपासून बंगल्यांच्या पोर्चपर्यंत पसरलेला आहे. त्याच द्रवात धातूंचा क्षय रोखणारी द्रव्येही असतात आणि मुंबईच्या दमट हवेत खरी गरज त्यांचीच आहे, हे कोणी समजावून सांगत नाही. परिणामी रेडिएटर तापला की जवळच्या नळाखाली किंवा बोअरवेलखाली डबा धरायचा आणि ओतायचे, हा परिपाठ चालू राहतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनीची शेवटची टॅक्सी वयाच्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा तिच्यावर भावपूर्ण लेखांचा पूर आला. त्या गाड्यांच्या पोटात आयुष्यभर गेलेल्या पाण्याविषयी त्यांत अवाक्षर वाचल्याचे मला आठवत नाही.

आता धरून बसलेले हेड उतरवण्याची रीत पाहू. इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे, आणि नट आवळताना जो क्रम असतो त्याच्या उलट क्रमाने, म्हणजे कडेकडून मध्याकडे येत, प्रत्येक नट एका वेळी पाव फेरा सैल केला पाहिजे. एक बाजू आधी मोकळी केली तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि मग ते सपाट करण्यासाठी मशीनवर फेस मारून आणावे लागते. त्यानंतर मोजणी. एखादा लहानसा बोल्ट थर्मोस्टॅटच्या घराखाली किंवा तेलकट मळाच्या थराआड दडलेला असतो, आणि ज्याला ‘गंजून धरलेले हेड’ म्हणून तासभर बडवले ते वास्तविक त्या एकट्या बोल्टाने इमानेइतबारे धरून ठेवलेले असते. हे प्रकार ऐकीव नाहीत. दर गॅरेजात त्यांचे किस्से आहेत.

एका जुन्या मिस्त्रीला हे काम करताना मी जवळून पाहिले आहे. प्रत्येक स्टडाच्या बुडाशी त्याने मुलांच्या खेळातल्या मातीचे इवलेसे आळे केले, त्यात गंज सोडवणारे पातळ तेल भरले, स्टडाच्या टोकावर जुना नट टोकाशी समपातळीत येईल असा फिरवून ठेवला, जेणेकरून ठोक्याने आटे चेचू नयेत, आणि पितळेच्या हातोडीने एकेका स्टडाला हलकेच टिचक्या दिल्यासारखे ठोके देऊन तो हात पुसू लागला. मालक शेजारीच उभा होता. मिस्त्री त्याला म्हणाला, “साहेब, आज हे सुटायचं नाही. आज नुसतं तेल पाजायचं.” मालकाने विचारले, “मग आजची मजुरी कसली?” या प्रश्नात आपल्या साऱ्या दुरुस्ती-व्यवहाराचे मर्म आले, असे मला त्या वेळी वाटले आणि आजही वाटते. वाल भिजत घातल्याशिवाय सोलता येत नाहीत, आणि भिजण्याचा वेळ फुकट गेला अशी तक्रार स्वयंपाकघरात कोणी करीत नाही. गॅरेजात मात्र तीच गोष्ट आळस ठरते.

तेल मुरल्यावर उष्णतेची पाळी. ॲल्युमिनियम तापले असता लोखंडापेक्षा सुमारे दुपटीने प्रसरण पावते. तरीही दहा मिलिमीटर व्यासाच्या छिद्रात शंभर अंशांच्या तापमानवाढीने जो फरक पडतो तो एका मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याचा. इतक्या फरकाने काय होणार, असे कोणी विचारील. पण उकळते पाणी ओतावे, निवू द्यावे, पुन्हा ओतावे, असे वारंवार केल्यावर तो पांढरा थर तडकतो आणि तडांतून तेल खाली उतरते. गॅसची ज्योत वापरण्याचा मोह येथे आवरला पाहिजे, कारण तेल पेट घेते हे तर झालेच, शिवाय लोखंडाप्रमाणे लालबुंद होऊन ॲल्युमिनियम आगाऊ सूचना देत नाही. ६६० अंशांच्या आसपास शुद्ध धातू वितळतो, मिश्रधातू त्याहूनही लवकर, आणि दिसायला तो अखेरपर्यंत जसाच्या तसा राहतो.

याखेरीज इंजिनाच्याच बळाने हेड उचलण्याची एक युक्ती आहे. नट दोन-तीन आटे सैल करून तसेच राहू द्यायचे, प्लग जागी ठेवायचे आणि स्टार्टर मारायचा. फियाटच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ३६ चौरस सेंटीमीटर. दाबलेल्या हवेचा जोर दर चौरस सेंटीमीटरला ८ किलो धरला तरी एकेका सिलिंडरमधून हेडला खालून जवळजवळ २९० किलोंचा रेटा मिळतो, आणि तो कोणत्याही छिन्नीच्या घावापेक्षा समान पसरलेला असतो. काही जण प्लगच्या छिद्रातून सुती दोरी सिलिंडरमध्ये सोडतात आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टनकरवी ती हेडवर दाबतात. परंतु ज्या इंजिनांत कॅमशाफ्ट हेडवरच असून तो बेल्टाने किंवा साखळीने फिरतो, तेथे तो दुवा काढल्यावर क्रँक फिरवणे म्हणजे पिस्टनने झडपांवर आघात करून घेणे होय; तेथे ही युक्ती निषिद्ध. जुन्या सिट्रोएन ट्रॅक्शन आव्हाँसारख्या गाड्यांत सिलिंडरचे लायनर सुटे असतात, तेव्हा हेड सरळ वर ओढले तर लायनरही सोबत उचलले जातात आणि त्यांच्या बुडाचे सील निकामी होतात. तेथे हेड आधी आडवे हिसकून सैल करावे लागते.

कित्येकदा अपराध कारागिराचा नसून आराखड्याचा असतो, हेही नमूद केले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७० ते १९७७ या काळात निघालेल्या ट्रायम्फ स्टॅग या देखण्या गाडीच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात ॲल्युमिनियमची हेड बिडाच्या ब्लॉकवर बसवताना काही बोल्ट एका दिशेने आणि काही स्टड तिरपे, अशी योजना केलेली होती. स्टड धरले की हेड ना बोल्टांच्या दिशेने वर येते ना स्टडांच्या. मग एकेका स्टडावर दोन नट एकमेकांवर आवळून, नाहीतर नट वेल्ड करून, तो स्टडच ब्लॉकमधून उलटा फिरवून काढण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेथे घाई केली तर स्टड मधोमध तुटतो. त्या गाडीचे चाहते आजही महिनोन्‌महिने तेल मुरवत बसतात. ज्यांनी कागदावर रेघा ओढल्या त्यांनी जोडणीचा विचार केला होता, उतरवणीचा केला नव्हता.

शिक्षणातही तीच उणीव आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील कार्यशाळेत जे इंजिन विद्यार्थ्यांसमोर ठेवलेले असते, ते दर वर्षी नव्या तुकडीकडून उघडले आणि मिटले जाते; त्याला गंजून धरायला फुरसतच मिळत नाही. त्यामुळे आवळण्याचा क्रम पाठ करून बाहेर पडलेल्या मुलाची पंधरा वर्षे न उघडलेल्या इंजिनाशी पहिली गाठ पडते ती गॅरेजात, गिऱ्हाईक डोक्यावर उभे असताना. प्रत्येक संस्थेने भंगारातून एक-दोन खरोखर जाम झालेली इंजिने आणून ठेवावीत. खर्च नगण्य आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, मोटारी तिच्या कक्षेत घेतल्या, आणि कंपन्यांनी माहितीपुस्तके व सुटे भाग खुले करावेत असा आग्रह धरला, त्याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु पुस्तकात नट किती जोराने आवळायचा याचा आकडा मिळेल. स्टड सोडवायला किती दिवस द्यायचे हे कोणत्याही कंपनीचे पुस्तक सांगणार नाही.

गॅरेजवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. जागेचे भाडे दररोज चढत असते, आणि चार दिवस एक गाडी अडून राहिली की तिच्या जागी होऊ शकणारी दहा लहान कामे परत जातात. तो ठोक मजुरीत काम घेतो, तेव्हा थांबण्याचा सर्व भार त्याच्याच खिशावर पडतो. म्हणून तो घाई करतो. मालकाला जर गाडी घरी उभी ठेवता येत असेल, तर मिस्त्रीला आठवडाभर आधी बोलावून तेल मुरवण्याचे काम तेथेच सुरू करणे दोघांच्याही सोयीचे आहे, आणि जुन्या गाड्या हौसेने बाळगणारे जाणते लोक तसेच करतात.

ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी जॉब कार्डावर एक स्वतंत्र रकाना असावा, ही माझी सूचना आहे. हेड धरलेले आहे असे आढळताच गॅरेजवाल्याने काम थांबवावे, मालकाला बोलावून दाखवावे आणि प्रतीक्षेचे दिवस व त्यांचा दर लेखी ठरवावा. हा दर कामाच्या दराच्या पाव हिश्श्याएवढा असला तरी चालेल, पण तो शून्य नसावा. मालकाने सही करताना छिन्नी न लावण्याची अट त्याच कार्डावर घालून घ्यावी. ठरलेले दिवस तेल मुरवूनही एखादा स्टड तुटलाच, तर ड्रिल मारून नवे आटे पाडण्याचा खर्च मालकाचा. न मुरवता तुटला, तर गॅरेजचा.