कमी कर म्हणतोस, काय कमी करू?



या शहरात एक नवी जात तयार झालीय. भाव पाडणाऱ्यांची. फुटपाथवरच्या गटईवाल्यानं ऐंशी सांगितले की हा म्हणतो, पन्नास देतो. नाक्यावरच्या बिगाऱ्यानं दिवसाचा रोज सांगितला की हा आधी हसतो, मग दोनशे रुपये खाली बोलतो. इस्त्रीवाला, चावीवाला, नळदुरुस्तीवाला, टँकर उपसणारा, सगळ्यांपुढं याचं एकच पालुपद: ‘कमी कर.’ मग घरी जाऊन बायकोला ऐकवतो, ऐंशी मागत होता, पन्नासला गुंडाळला. घर खूश, शेजार खूश. तीस रुपयांची लढाई जिंकलेला हा सरदार रात्री छान झोपतो.

हाच सरदार मल्टिप्लेक्सात मक्याच्या लाह्यांचे तीनशे रुपये निमूट मोजतो. डॉक्टरची फी, वकिलाची फी, पोराच्या क्लासची फी, फ्लॅटच्या पार्किंगचे लाख, कुठं तोंड उघडत नाही. काउंटरमागं टाय बांधलेला माणूस बसला की याची जीभ टाळ्याला चिकटते. मोबाइलच्या अ‍ॅपवरून नळवाला बोलावला की कंपनीनं लावलेला भाव हा अंगठ्यानं दाबून कबूल करतो. त्यातला किती तुकडा कंपनी गिळते आणि किती पान्हा फिरवणाऱ्याच्या हातात पडतो, हे विचारत नाही. तोच नळवाला अ‍ॅप सोडून स्वतःच्या पिशवीसकट दारात उभा राहिला की याच्यातला बनिया जागा होतो.

म्हणजे घासाघीस कामावर होत नाही. माणसावर होते. कुणाचा भाव पाडायचा हे याच्या रक्तानं आधीच ठरवलेलं असतं. जो जमिनीवर बसलाय त्याचा. जो खाली वाकून काम करतो त्याचा. ज्याच्या बापाला याच्या बापानं ‘अरे’ म्हटलं, त्याचा.

आता हिशेब करू. आपण गोदीतली माणसं, वजन-मापाचं आपल्याला कळतं. मालाच्या धंद्यात भाव पाडला तर व्यापारी हलका माल देतो, नफा थोडा कमी करतो, दुसऱ्या गिऱ्हाइकावर काढतो. सेवेच्या धंद्यात माल कुठाय? गटईवाल्याचा दोरा, खिळे, सोल्युशन, रबराचा तुकडा हे सगळं त्याला दुकानातून दुकानदाराच्या भावानं घ्यावं लागतं. तिथं त्याचं ‘कमी कर’ चालत नाही. समजा ऐंशीतले तीस या सामानात गेले. उरले पन्नास. तू तीस कापलेस. ते दोऱ्यातून जात नाहीत, खिळ्यातून जात नाहीत. ते त्या पन्नासातून जातात. त्याच्या दोन तासांची बसून मोडलेली कंबर, दुपारचा वडापाव, पोरीच्या वह्या, त्यातून जातात. ‘कमी कर’ म्हणणाऱ्यानं एकदा सरळ सांगावं, काय कमी करू? भाकरी कमी करू की पोरीची शाळा कमी करू?

तुम्ही म्हणाल, ही घासाघीस तर जगभर चालते, बाजाराची रीतच आहे. ठीक. मग या रीतीची कुळी बघू.

आपल्या गावगाड्यात भाव नावाची चीज आपल्यासाठी नव्हतीच. बलुतं होतं. काम आधी करायचं, वर्षभर करायचं, आणि सुगीला खळ्यावर जाऊन हात पसरायचा. किती द्यायचं हे देणारा ठरवणार. मेलेलं ढोर ओढ, मरणाचा सांगावा ने, सरकारी वर्दी दे, रात्री गस्त घाल. वतन म्हणून तुकडाभर जमीन, आणि त्या तुकड्याच्या बदल्यात अख्ख्या घराण्याची चोवीस तास चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते याच गाठीवर घाव घालायला. कनिष्ठ वतनं कायद्यानं संपायला १९५८ साल उजाडलं. तीस वर्षं! एका माणसाला स्वतःच्या कामाचा भाव सांगता यावा म्हणून.

भाव म्हणजे काय? भाव म्हणजे नुसता आकडा नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येतं त्यानं सांगितलेला आकडा म्हणजे भाव. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला जे मिळतं ते बलुतं. मग ते ज्वारीत मिळो नाहीतर मोबाइलवरून खात्यात पडो.

म्हणून आपल्या माणसांनी पहिल्यांदा आकडा वाढवून मागितला नाही. पहिल्यांदा ‘नाही’ मिळवलं. १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवलं, विधवांची डोकी भादरणार नाही. पैसे मिळत होते, तरी नाही. १९२७ साली महाडात आपल्या माणसांना सांगण्यात आलं, मेलेली ढोरं ओढू नका, ते मांस खाऊ नका. मग भटजी-शेटजी हिशेब घेऊन आले. ढोराच्या कातड्याचे, शिंगांचे, हाडांचे वर्षाला पाचशे रुपये होतात, ते कशाला सोडता, असा युक्तिवाद ‘केसरी’त छापून आला. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरातल्या भाषणात तो किस्सा सांगितला. त्यांचं म्हणणं साधं होतं: एवढा फायदा आहे तर तुम्हीच ओढा की, वरून पैसे मी देतो! एकही माईचा लाल पुढं आला नाही. जगातली सगळ्यात खरी घासाघीस ती. भाव वाढवत नेला तरी समोरचा ते काम करायला तयार होत नाही, तेव्हा कळतं की त्या कामात पैशाशिवाय आणखी काय विकलं जात होतं.

आता नाक्यावर चला. सकाळी साडेसात. गवंडी, रंगारी, बिगारी उभे. शब्दच बघा, बिगारी! बेगारीतून आलेला शब्द, आजही शहराच्या तोंडात, कुणाला लाज नाही. साडेसातला बिगारी आपला भाव सांगतो. साडेनऊला तोच माणूस निम्म्यावर येतो, कारण त्याला माहीत आहे, दहा वाजले की आजचा दिवस मेला. आणि ठेकेदार साडेनऊलाच येतो. त्यालाही माहीत आहे. तसंच भवानीचं. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हे धंदेवाल्याच्या मनातलं भय. हुशार लोक नेमके भवानीलाच भाव पाडायला येतात. दुसऱ्याची भूक आणि दुसऱ्याचं भय घड्याळ लावून वापरणं, याला तुम्ही व्यवहार म्हणता?

कोर्ट याला दुसरं नाव देतं. दिल्लीच्या एशियाडची स्टेडियमं बांधणाऱ्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९८२ साली सांगितलं, किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं म्हणजे वेठबिगार. घटनेच्या तेविसाव्या कलमाचा भंग. मजूर स्वतःच्या पायानं कामावर आला, हो म्हणाला, हे चालणार नाही. कारण जबरदस्ती फक्त दांडक्याची नसते. भुकेचीही असते. न्यायमूर्ती भगवतींचा हा निकाल प्रत्येक नाक्यावर पाटी करून लावायला पाहिजे. ‘तो स्वतःच कबूल झाला’ हे वाक्य त्या दिवशी मेलं. गटईवाला, इस्त्रीवाला हे कुणाचे नोकर नाहीत, म्हणून किमान वेतन त्यांच्या दारात येत नाही, हे मला ठाऊक आहे. कायदा येत नाही. पण तर्क येतो. उपाशी माणसाच्या होकारावर उभा असलेला सौदा सौदा नसतो.

आणि सगळ्यात खाली, जमिनीच्याही खाली, गटार. सोसायटीची टाकी तुंबली. कमिटीची मीटिंग बसते, चहा-बिस्किट येतं. एकानं मशीन आणतो म्हणून मोठा आकडा सांगितलेला असतो. दुसरा त्याच्या तिसऱ्या हिश्शात करतो म्हणतो. खजिनदार दुसऱ्याला पास करतो, आणि वर त्यातही पाचशे कमी करून घेतो. काय कमी झालं तिथं? मशीन कमी झालं. मुखवटा कमी झाला. कमरेचा पट्टा कमी झाला. उरला माणूस आणि दोर. २०१३ चा कायदा सांगतो, असं माणसाला उतरवणं हा गुन्हा. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस मेला तर सुप्रीम कोर्टानं २०१४ साली दहा लाख भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. खजिनदारानं वाचवले ते पाचशे. आणि एक सांगतो, इथं भाव वाढवूनही प्रश्न सुटत नाही. पाचशेच्या जागी पन्नास हजार दिलेस म्हणून माणूस गटारात उतरवायचा हक्क तुला मिळत नाही. काही कामांना भावच नसतो. तिथं उत्तर एकच, महाडचं. नाही.

आता तुमचे आक्षेप. मला पाठ आहेत.

‘तो आधीच वाढवून सांगतो.’ सांगतो. कारण तू पाडणार हे त्याला माहीत आहे. ऐंशीचं काम, तो एकशेवीस सांगतो, तू ऐंशीला आणतोस, आणि दोघं खोटं बोलून खऱ्यावर येता. ज्याला हुज्जत घालता येत नाही ती म्हातारी मात्र एकशेवीस देऊन जाते. तोंड बघून भाव सांगणं ही लबाडी आहे आणि ती आपल्या माणसानं केली तरी लबाडीच. मी तिची वकिली करत नाही. पण ती लबाडी घासाघिशीनं मरत नाही. घासाघीस तिला दूध पाजते.

‘आम्हीही गरीब आहोत.’ बरोबर. चाळीतली बाई संध्याकाळी भाजीवालीशी दोन रुपयांवरून भांडते. दोघींच्या कनवटीला सारखीच नाणी, दोघी उद्या पुन्हा भेटणार, आणि भाजीवालीही ‘जा गं बाई, परवडत नाही’ म्हणू शकते. ती बरोबरीची हुज्जत. तिच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आहे त्याच्याशी, ज्याच्या खिशाला तीस रुपयांनी फरक पडत नाही आणि तरी जो समोरच्याला वाकवल्याशिवाय पाकीट उघडत नाही. त्याला पैसे वाचवायचे नसतात. त्याला पाटीलकी चाखायची असते.

आणि आता आपल्याकडं वळतो. कारण वाण्या-बामणांना शिव्या घालून टाळ्या घेणं सोपं आहे, दोस्तांनो.

आपल्यातले शिकले, नोकऱ्या धरल्या, टॉवरात गेले. आनंद आहे. पण भिंतीवर बाबासाहेब आणि खाली दारात इस्त्रीवाल्याशी एका शर्टामागं दोन रुपयांची कटकट, हे कसलं परिवर्तन? ‘आपला माणूस आहेस, जय भीम, कमी घे.’ अरे, आपला माणूस आहे तर जास्त दे! बंधुता म्हणजे सवलतीचं कूपन आहे काय? शेटजीनं भाव पाडला तर शोषण आणि आपण पाडला तर भाईचारा?

आणि आपली मंडळं! १४ एप्रिल आला की बॅनरवाल्याला, मंडपवाल्याला, हलगीवाल्याला, साउंडवाल्याला एकच डायलॉग: ‘चळवळीचं काम आहे, पैसे कसले मागतोस?’ पुढाऱ्याची गाडी, हार, शाल, जेवण याला मात्र पैसे असतात. त्यावर कुणी घासाघीस करत नाही. रात्रभर हलगी वाजवून बोटं फुटलेल्या पोराला पहाटे ‘नंतर बघू’ म्हणून वाटेला लावणारं मंडळ आणि खळ्यावरचा पाटील, यात मला फरक दाखवा. चळवळीला देणगी द्यायची तर तो देईल, खुशीनं, पैसे हातात पडल्यावर. त्याची मजुरी न देता तिलाच देणगी म्हणू नका.

मग करायचं काय? हळहळ नको. सरळ काम सांगतो.

मुंबईत रिक्षाशी कुणी घासाघीस करत नाही. का? मीटर आहे. १ फेब्रुवारी २०२५ ला किमान भाडं तेवीसचं सव्वीस झालं, लोक कुरकुरले आणि बसले. त्या सव्वीसमागं सूत्र आहे: गाडीची किंमत, इंधन, दुरुस्ती, आणि चालवणाऱ्याचं पोट. पोट हिशेबात धरलंय, हे महत्त्वाचं. गोदीत एके काळी टोळीवाला दारात उभ्या गर्दीतून बोटानं माणूस निवडायचा. १९४८ चा गोदी कामगार कायदा आला तो लढून आला. माथाडींनी १९६९ साली कायदा मिळवला, दर आणि पगार बोर्डातून चालू लागला. एकेकट्या हमालाला व्यापाऱ्याशी हुज्जत घालायची गरज उरली नाही. आज गोदीत पुन्हा कंत्राटं आलीत आणि मी त्यातच आहे. म्हणून सांगतो, एकटा माणूस भाव सांगत नाही, भाव मागतो. दहा जण मिळून सांगतात तो भाव.

तेव्हा प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक गटई स्टॉलच्या पत्र्यावर दरफलक लागला पाहिजे. त्या नाक्याच्या लोकांनी एकत्र बसून ठरवलेला, पोट धरून ठरवलेला. सगळ्यांना एक भाव, म्हातारीला तोच, साहेबाला तोच. नाक्यावरच्या कुणी त्याखाली उतरायचं नाही. फलक लिहायला आपण शिकलेली पोरं कशाला आहोत? आणि आपण स्वतः? काम सांगण्याआधी भाव विचारायचा. परवडत नसेल तर हात जोडून पुढं जायचं. परवडत असेल तर काम झाल्याबरोबर मोजून द्यायचे, ‘नंतर बघू’ बंद. आणि आपल्या मंडळाच्या जमाखर्चात हलगीवाल्याचं नाव हारवाल्याच्या वर लिहायचं.

खळ्यावर हात पसरणारी पिढी गेली. आता फुटपाथवर तोच हात आरी धरून बसलाय आणि आकडा सांगतोय. तो आकडा ऐकायला शिका.

भाव पाडणाऱ्यांनो, माणसं पाडणं बंद करा!

जय भीम.