विश्लेषण : ‘अँडोर’मध्ये लेझर तलवार नाही, तरी चाहते तिच्यावरून का भांडतात?

‘स्टार वॉर्स’ म्हटले की लेझर तलवारी, जेडाय योद्धे आणि शेवटी चांगल्याचा विजय, हे समीकरण १९७७ पासून ठरलेले आहे. त्याच विश्वातली ‘अँडोर’ ही मालिका मात्र यातले जवळपास काहीच देत नाही. तिचा दुसरा आणि अखेरचा हंगाम एप्रिल-मे २०२५ मध्ये येऊन गेला. चाहत्यांचा वाद अजून मिटलेला नाही. ही सर्वोत्तम ‘स्टार वॉर्स’, की ‘स्टार वॉर्स’च नव्हे?

मालिका कशाबद्दल?

‘रोग वन’ (२०१६) या चित्रपटातील कॅसियन अँडोर या हेराची ही पूर्वकथा. मालिकेचा कर्ता टोनी गिलरॉय, तर मुख्य भूमिकेत दिएगो लुना. १२-१२ भागांचे दोन हंगाम. सुरुवातीचा कॅसियन नायक वाटतच नाही. भंगारावर जगणाऱ्या गावातला, चारचौघांची उधारी थकवलेला हा माणूस बंडखोर कसा होतो, एवढीच गोष्ट.

नाराज चाहत्यांचे म्हणणे काय?

पहिली तक्रार संथपणाची. दुसरी, छळ, सामूहिक हत्याकांड आणि अत्याचाराच्या प्रयत्नाचे प्रसंग असल्याने घरातल्या पोरांसोबत बसून पाहता येत नाही. तिसरी, दिवसभर राबून आल्यावर पुन्हा पडद्यावरही अन्यायच का पाहायचा? या तक्रारी उडवून लावण्यासारख्या नाहीत.

गडद केले की गाजतेच का?

तसे मुळीच नाही. ‘स्टारगेट’ची मूळ मालिका १० हंगाम चालली. तिच्या विश्वातली गंभीर, काळवंडलेली ‘स्टारगेट युनिव्हर्स’ २००९ मध्ये आली आणि दोन हंगामांतच गुंडाळली गेली. उलट, ‘डॉक्टर हू’मधून निघालेल्या ‘टॉर्चवुड’ने २००९ मध्येच पाच भागांची ‘चिल्ड्रन ऑफ अर्थ’ ही कथा दिली. परग्रहवासी पृथ्वीवरची १० टक्के मुले मागतात आणि सरकार निकाल कमी लागणाऱ्या शाळांची यादी काढते. तिथे परग्रहवासीयांपेक्षा बंद खोलीतली ती बैठक जास्त भयंकर वाटते.

मग ‘अँडोर’ वेगळी कशी?

पहिल्या हंगामातला तुरुंग पाहा. रस्त्याने चाललेल्या कॅसियनला विनाकारण पकडून सहा वर्षांची शिक्षा होते. तुरुंग म्हणजे कारखानाच. १२ तासांची शिफ्ट, एका टेबलावर सात जण. पहिल्या येणाऱ्या टेबलाला चवीचे जेवण, शेवटच्याला विजेचा झटका. सुटका झालेला कैदी प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावर कामाला जुंपला जातो, हे कळते तेव्हा सगळे बदलते.

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आपल्या कंपन्या म्हणजे तुरुंग, असा याचा अर्थ नाही. पण टार्गेट काय असते, शेजारच्या लाइनशी स्पर्धा लावली की माणसे एकमेकांकडे कशी पाहू लागतात आणि सुपरवायझरही वरच्यापुढे किती लाचार असतो, हे शिरूर-दौंडच्या प्रेक्षकाला समीक्षकापेक्षा अधिक ठाऊक आहे. हे कैदी नेमके कशाचे भाग जोडत होते, ते हंगामाच्या अगदी शेवटी, श्रेयनामावलीनंतर कळते. म्हणून श्रेयनामावली लागली की मोबाइल बंद करू नका.

आमचे मत

ही मालिका निराशावादी आहे, हे म्हणणे आम्हाला पटत नाही. मूळ चित्रपटात बंडखोरांचे सैन्य आयते तयार असते. त्यासाठी पैसा कोणी उभा केला, कोण कोणाला फसवून गेले, कोणाचे नावही मागे राहिले नाही, हा हिशेब ‘अँडोर’ मांडते. हा हिशेब पाहिल्यावर १९७७ चा विजय फुकटचा वाटत नाही, उलट मोठा वाटतो. २०२५ च्या एमी पुरस्कारांत नाट्यमालिकेच्या लेखनाचा मान तिला मिळाला, तो उगाच नव्हे.

मुलांसोबत पाहण्याचा आग्रह मात्र धरू नका. त्यांच्यासाठी जुने चित्रपट आहेतच. स्वतः पाहणार असाल, तर पहिले तीन भाग सलग पाहा आणि कंटाळा आला तरी तुरुंगापर्यंत, म्हणजे आठव्या भागापर्यंत, थांबा. दहावा भाग संपल्यावर वादात कोणती बाजू घ्यायची ते ठरवा.