घरातला दुभाष्या

धारवाडच्या अज्जी डिचोलीला लेकीकडे आल्या की कन्नडच बोलतात. नातू मध्ये बसून ते आम्हा शेजाऱ्यांना मराठीत सांगतो. गप्पा जरा संथ चालतात, पण चालतात.

संगणकातही असा दुभाष्या असतो. प्रोसेसर बदलला की जुन्या प्रोग्रामच्या आज्ञा नव्याला कळत नाहीत. ॲपलने २००६ साली पॉवरपीसी सोडून इंटेलचे प्रोसेसर घेतले, तेव्हा त्या आज्ञा उलगडून सांगायला ‘रोझेटा’ दिली. इजिप्तमध्ये १७९९ साली सापडलेल्या, एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेल्या शिळेचं हे नाव. २०११ च्या ‘लायन’ प्रणालीत मात्र रोझेटा नव्हती. जुने प्रोग्राम तिथे मुके झाले. २०२० मध्ये ॲपलने पुन्हा प्रोसेसर बदलला आणि ‘रोझेटा २’ आली.

दुभाष्या म्हणजे मिळालेली सवड, कायमची सोय नव्हे. पेडणे-डिचोलीकडे कुणाच्या जुन्या संगणकात भजनाच्या वह्या, घरची कुळकथा टंकून ठेवलेली असेल, तर जुना प्रोग्राम उघडतोय तोवरच ती युनिकोडमध्ये उतरवून घ्यावी. एक छापील प्रतही काढावी.

नातू यंदा शिकायला पुण्याला चाललाय. आमच्या सौभाग्यवतींनी कालच अज्जींना स्वतः विचारलं, ‘‘ऊटा आयता?’’ अज्जी कितीतरी वेळ बोलत राहिल्या.